आयव्हीएफची इंजेक्शनं आणि व्यायाम
एरवी अंडाशय जेमतेम ३ सेंटिमीटरचं. आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू झाली, की ८ ते १४ दिवसांत त्यात अनेक बीजकोश वाढतात, एकेक १८-२० मिलिमीटरचा, आणि अंडाशय जड होतं. अशा वेळी धावणं, दोरीवरच्या उड्या, अर्धमत्स्येंद्रासनासारखी पीळ देणारी आसनं थांबवावीत. अंडाशय पिळलं गेलं तर त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. हे क्वचित घडतं, पण एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. संथ चालणं मात्र चालू ठेवा. बीज काढल्यावरही अंडाशय लगेच पूर्ववत होत नाही, म्हणून व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि भ्रूणरोपणानंतर काळजीपोटी झोपवून ठेवणाऱ्या आई-सासूबाईंना प्रेमानं सांगा: जिना चढल्यानं गर्भ निसटत नाही, अंथरुणात पडून राहिल्यानं यश वाढल्याचंही अभ्यासांत दिसलेलं नाही.