ऑइल जातं कुठे?

एका वाचकाने विचारलं आहे, 'पेट्रोल गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये दीड-दोन लिटर ऑइल वरून टाकावं लागतं. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन खोलावं लागेल. खरंच लागेल का?'

लागेलच असं नाही. आधी गाडीखाली डाग पडतात का ते पाहा. गळती असेल तर प्रश्न तिथेच मिटला. डाग नसतील तर बहुधा ऑइल जळतंय. थोडं सगळ्याच इंजिनांत जळतं, कारण सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिला नाही तर पिस्टन जाम होईल. जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम पिस्टनभोवतीच्या रिंगचं, त्यातही सगळ्यात खालच्या 'ऑइल रिंग'चं.

या रिंगमागे जॉन रॅम्सबॉटम हा इंग्लंडमधला रेल्वे इंजिनिअर आहे. त्याआधी वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती चरबीत भिजवलेल्या दोरीचे वेढे असत. ते झिजत आणि वाफ निसटत राही. रॅम्सबॉटमने १८५२ मध्ये चिरलेली धातूची रिंग वापरली. स्वतःच्याच ताणाने ती भिंतीला टेकून राही. पण ती एकसारखी झिजेना. कारण सुंदर आहे: पूर्ण गोल रिंग चिरून सिलिंडरमध्ये दाबली की तिचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. मग त्याने ती मुद्दाम वेडीवाकडी घडवली, आत बसल्यावर गोल होईल अशी! आजच्या गाड्यांतल्या रिंग याच कल्पनेवर चालतात, तरी इंजिन घडवणाऱ्या डिझेल आणि ऑटो या संशोधकांच्या शेजारी त्याचं नाव कुणी घेत नाही.

ऑइल वेळेवर बदललं नाही की काजळी साचून ऑइल रिंग खाचेत चिकटते, तिची भोकं बुजतात आणि हा ताणच संपतो. मग ऑइल वर चढतं. जोरात रेस केली की निळसर धूर निघतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर धुराचा लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. बऱ्याच इंजिनांत हे सील हेड न उतरवता बदलता येतात. इंजिनाच्या तळात साचणारे वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला तरी ऑइल जातं, आणि तो भाग किरकोळ किमतीचा असतो. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर गिळतो आणि ऑइलमधल्या फॉस्फरसने हळूहळू निकामी होतो.

रिंग की व्हॉल्व्ह, हे इंजिन न खोलता कळतं. कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगमधून, कारण त्या ऑइलने फट तात्पुरती बुजते. आकडा कमी असून वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहावं. फक्त ऑइल रिंग चिकटली असेल किंवा व्हॉल्व्ह सील खराब असेल तर मात्र कॉम्प्रेशन ठीक येऊ शकतं. 'धूर बंद करणाऱ्या' बाटल्यांवर माझा विश्वास नाही. झिजलेला धातू त्यांनी भरून येत नाही.

तेव्हा इंजिन खोलायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे ऑइल सोडण्याआधीचे कोरडे आणि नंतरचे ओले, दोन्ही आकडे गॅरेजकडून लिहून मागा. तोवर दर आठवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून, डिपस्टिक पाहत राहा.