‘डबल क्लिक’ केल्यावर फाइल उघडते कशी?

हैदराबादच्या माधापूर भागातील ‘सायबर टॉवर्स’चे उद्घाटन १९९८ मध्ये झाले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने या शहरात आपले विकास केंद्र सुरू केले. माहिती तंत्रज्ञानाचे शहर म्हणून हैदराबादची ओळख तेव्हापासून दृढ होत गेली. मात्र हे शहर तेलुगू आणि उर्दू या दोन लिप्यांचेही आहे. २०१७ मध्ये तेलंगणाने उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. स्वतःच्या लिपीत नाव दिलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केले की ती उघडावी, ही तेथील वापरकर्त्याची अपेक्षा अगदी साधी आहे. ती पूर्ण होण्यासाठी संगणकीय प्रोग्रामला तीन गोष्टी अचूक कराव्या लागतात.

पहिली गोष्ट नोंदणीची. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. ती अक्षरे पाहून विंडोज आपल्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत शोध घेते. अमुक प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने आणि कोणत्या आज्ञेने उघडावी, हे तेथे लिहिलेले असते. पूर्वी नवा प्रोग्राम ही नोंद परस्पर बदलून फाइली स्वतःकडे ओढून घेत असे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून त्याला केवळ उमेदवार म्हणून नाव नोंदवता येते; अंतिम निवड वापरकर्त्याची असते. मॅक आणि लिनक्स या प्रणालींत प्रोग्राम हीच माहिती आपल्यासोबतच्या एका छोट्या फाइलमध्ये जाहीर करतो.

दुसरी गोष्ट फाइलचा पत्ता पोहोचवण्याची. विंडोजच्या नोंदीत प्रोग्रामच्या नावापुढे ‘%1’ अशी खूण असते आणि तिच्या जागी फाइलचा पत्ता भरला जातो. ही खूण अवतरणचिन्हांत ठेवली नाही, तर ‘वार्षिक अहवाल’ या नावाचे मधल्या मोकळ्या जागेपाशी दोन तुकडे होतात आणि प्रोग्राम अस्तित्वातच नसलेल्या दोन फाइली शोधू लागतो. मॅकवर हा पत्ता आज्ञेसोबत न येता स्वतंत्र संदेशाद्वारे मिळतो. त्या संदेशाची दखल न घेणारा प्रोग्राम सुरू तर होतो. पण समोर येते ती रिकामी खिडकी.

तिसरी गोष्ट लिपीची. अडचण सर्वाधिक लपून राहते ती इथेच. विंडोजमध्ये फाइलचे नाव वाचण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग ‘कोड पेज’ या मर्यादित अक्षरतक्त्यांचा, तर नवा युनिकोडचा. उर्दूला अरबी लिपीचा १२५६ क्रमांकाचा तक्ता उपलब्ध होता. तेलुगू आणि देवनागरी यांना विंडोजने असा तक्ता कधीच दिला नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीला आणि पुढे एक्सपीमध्ये तेलुगूला स्थान मिळाले, ते थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे जुन्या मार्गाने जाणाऱ्या प्रोग्रामला मराठी वा तेलुगू नावातील अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे मिळतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह वापरताच येत नाही; साहजिकच ‘फाइल सापडली नाही’ असे उत्तर येते, फाइल डोळ्यांसमोर असतानाही!

यावर उपाय आहे. प्रोग्रामरने प्रारंभापासून युनिकोडचाच मार्ग धरावा. जुन्या प्रोग्रामसाठीही २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून सोय झाली आहे: ‘यूटीएफ-८’ हाच आपला अक्षरतक्ता आहे, असे प्रोग्राम आपल्या घोषणापत्रात नमूद करू शकतो.

गोव्यात मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, म्हणून हा प्रश्न येथील कार्यालये व शाळांनाही तितकाच लागू आहे. फाइल उघडली नाही की वापरकर्ता बहुधा स्वतःलाच दोष देतो आणि नाव रोमन अक्षरांत बदलून वेळ मारून नेतो. वस्तुतः चूक त्याच्या नावात नसून प्रोग्राममध्ये असते. नवा प्रोग्राम स्वीकारण्यापूर्वी देवनागरीत नाव असलेली, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली एक फाइल तयार करावी आणि तिच्यावर दोनदा क्लिक करून पाहावे. या तिन्ही बाबींची परीक्षा तेवढ्यात होते.