मल्टिपल स्क्लेरोसिस : न दिसणारी लक्षणे आणि वेळेवर निदान

मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार बहुधा २० ते ४० या वयात प्रथम डोके वर काढतो. आपल्या विद्यालयातून बाहेर पडून जे विद्यार्थी आज नोकरीस लागले आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत किंवा ज्यांच्या विवाहाची बोलणी घरी चालू आहेत, त्यांचेच हे वय. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांइतका सर्रास नाही, आणि म्हणूनच त्याची शंका येण्यास विलंब होतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सुस्पष्ट वर्णन केले. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेता यांतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते; विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश मंदावतो किंवा अडतो. हल्ला कोठे होईल याचा नेम नसल्याने दोन रुग्णांची लक्षणे सहसा सारखी नसतात. हा आजार संसर्गजन्य नाही, आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नाही.

अनेकांत आरंभ डोळ्यापासून होतो. एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, डोळा हलविताना दुखतो, लाल रंग फिका भासतो. काहींना पायांत किंवा कमरेखाली बधिरता व मुंग्या जाणवतात, चालताना तोल जातो. मान पुढे वाकविताच पाठीतून विजेसारखी लहर जाते. खरी फसगत पुढेच होते. पहिला झटका बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते : नवा चष्मा, बी-१२ची इंजेक्शने, नाहीतर एखादा गंडादोरा. घरचे निश्चिंत होतात. मधल्या काळात आत मात्र, काहीही न जाणवता, नवे व्रण पडत राहू शकतात.

म्हणून अशी लक्षणे २४ तासांहून अधिक टिकली, तर ती ओसरली तरीही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. बी-१२ची कमतरता, क्षयरोग आणि अन्य काही विकारही अशीच लक्षणे देतात. त्यामुळे तर्क न लढविता तपासणी करणे श्रेयस्कर. एमआरआयमध्ये व्रण दिसतात. आवश्यकता भासल्यास पाठीतील पाणी तपासतात. या तपासणीने माणूस पांगळा होतो, हा समज निराधार आहे. पूर्वी खात्रीच्या निदानासाठी दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे. २००१ पासून वापरात असलेल्या मॅकडोनल्ड निकषांमुळे एमआरआयच्या आधारे अनेकदा त्यापूर्वीच निदान करता येते. स्टेरॉइडने चालू झटका लवकर ओसरतो. पुढचे झटके कमी करणारी औषधे वेगळी असून, ती लवकर सुरू करण्यात आणि बरे वाटत असतानाही न सोडण्यात खरा लाभ आहे. यांतील काही औषधे महाग आहेत, हे नाकारता येणार नाही. योजना व साहाय्य यांची चौकशी निदानाबरोबरच सुरू करावी.

आता न दिसणाऱ्या लक्षणांविषयी. बहुसंख्य रुग्णांना विलक्षण थकवा येतो, आणि तो रात्रभराच्या झोपेनेही जात नाही. सकाळी अंगण झाडणारी सून दुपारी ताट उचलू शकत नाही, तेव्हा ‘सोंग करते’ असा शेरा ठरलेलाच. उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदविले होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. लघवीची घाई, एकाग्रता ढळणे, शब्द न आठवणे, वेदना, खिन्नता यांपैकी काहीच पाहणाऱ्याला दिसत नाही.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूचा प्रसंग आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर निजविले. त्याची शुश्रूषा कोणी का करीत नव्हते? तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून. त्याचे आजारपण निदान डोळ्यांना दिसत तरी होते! ज्याचे दिसत नाही, त्याला तर आपण आजारी मानण्याचीही तयारी दाखवीत नाही.

मुलीचे निदान झाले की पालक ते लपवितात. औषधेही मग चोरून घ्यावी लागतात आणि खंड पडतो. वस्तुतः या आजारात विवाह व मातृत्व वर्ज्य नाही. गरोदरपणात झटके उलट कमी होतात, प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत वाढू शकतात. औषधांचे नियोजन मात्र डॉक्टरांशी आधी करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश आहे. आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि थकवा टक्क्यांत बसविणे कठीण; म्हणून प्रत्येक झटक्याची तारीख, एमआरआयचे अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात.

क्वचित शालेय वयातही आजार सुरू होतो. वसतिगृहातील एखादी हुशार मुलगी एकाएकी फळ्यावरचे दिसत नाही म्हणू लागली, प्रार्थनेत उभी राहू शकली नाही, वारंवार शौचालयाकडे धावू लागली, तर शिक्षा करण्यापूर्वी अधीक्षकांनी तिच्या पालकांना बोलावून घ्यावे आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी करवून घ्यावी.