शेतातली यंत्रं, लेखांक ७ : स्लॅशर – आधी शाफ्ट मापा, मग झुडपं कापा

मागच्या लेखात आपण पीटीओ, म्हणजे यंत्रांना ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, समजून घेतला. आज त्यावर चालणारा स्लॅशर पाहू. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या पडीक जमिनीवर वेडी बाभूळ माजते, माळावर तरवड आणि घाणेरी, तर वेचणी संपलेल्या रानात पऱ्हाट्या उभ्या असतात. तिन्हीकडे हे यंत्र कामाचं आहे. पण ते किती वर्षं टिकेल, हे पहिल्या दिवशीच्या जोडणीवर ठरतं.

सपाट जागी ट्रॅक्टर मागे घ्या. आधी डावा, मग उजवा लोअर लिंक, शेवटी टॉप लिंक, आणि प्रत्येक पिनेला लिंच पिन. आता खरी मेख आहे शाफ्टमध्ये. नव्या स्लॅशरबरोबर येणारा शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरला बसेलच असं नाही. लांब शाफ्ट तसाच जोडला, तर लिफ्ट उचलताना आतली नळी टेकते आणि सगळा दाब गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. म्हणून शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक पीटीओला लावा, दुसरा गिअरबॉक्सला. लिफ्ट सावकाश वरखाली करत दोन्ही टोकं सर्वांत जवळ येतील तिथे थांबा, इंजिन बंद करा, दोन्ही भाग शेजारी धरून खूण करा. साधारण इंचभर मोकळीक राहील एवढं कापा; दोन्ही नळ्या आणि त्यांवरचं कव्हर सारखंच. कानशीने कडा घासा, ग्रीस लावा. लिफ्ट पूर्ण खाली असतानाही दोन्ही नळ्या निदान वीतभर एकमेकींत राहिल्या पाहिजेत.

सुरू करण्याआधी गिअरबॉक्सचं तेल आणि पात्यांचे बोल्ट बघा. शिअर बोल्ट तुटला तर त्याच मापाचा, त्याच प्रतीचा बसवा. कडक बोल्ट घातला की झटका थेट गिअरबॉक्सला बसतो.

पीटीओचा वेग ५४० आरपीएम, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला नऊ फेरे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. अशा पात्याला लागलेला दगड जीव घेऊ शकतो. त्यामुळे आधी शेत पायी फिरून दगड, तारा, ठिबकच्या नळ्या उचला. मागच्या साखळ्या काढू नका आणि १०० मीटरच्या आत माणूस, जनावर येऊ देऊ नका. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरतच राहतात. पात्यांना हात लावायचा असेल, तर ती थांबू द्या, किल्ली काढा आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे द्या. निव्वळ हायड्रोलिकवर विसंबून खाली जाऊ नका.

काळी जमीन वाफसा उलटून कोरडी झाल्यावरच आत जा. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा. गिअर लहान, पण पीटीओचे फेरे पूर्ण ठेवा. वेड्या बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात, म्हणून कापलेल्या फांद्यांवरून ट्रॅक्टर परत नेऊ नका. तिचा बुंधा पुन्हा फुटतो. मुळासकट काढल्याशिवाय ती जात नाही.

पऱ्हाटीच्या बाबतीत हयगय नको. गुलाबी बोंडअळी किडक्या, न उमललेल्या बोंडांत दडून राहते. फरदड न ठेवता पऱ्हाटी वेळेवर कापा आणि खुंट नांगरटीने उपटून काढा. धुऱ्यावर ढीग रचू नका, पेटवूही नका. पेटवलेल्या पऱ्हाटीचा कर्ब आपल्या जमिनीला मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात : पऱ्हाटीची बारीक कुट्टी करणारं श्रेडर यंत्र.