दोन रांजण, एक नदी

सुट्टी लागली की मुंबईकराचे पाय गारव्याकडे वळतात. माथेरान, महाबळेश्वर, नाहीतर कोकणातले आजोळ. घाट ओलांडून पलीकडच्या रुक्ष मुलखात, तेही ऐन चैत्रात, जावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या गोरेगावच्या बिऱ्हाडात मी तो बेत मांडला तेव्हा सौभाग्यवतींनी रोकडा सवाल टाकला, "तिकडे पाहायचं काय? दगड?" सवाल अगदी नेमका होता. पाहायचे होते ते दगडच.

मोटार मेहुण्यांची. पहाटे निघालो, कल्याण-मुरबाड मागे टाकून माळशेज चढलो आणि जुन्नर गाठले. तेथून घाटघरचा रस्ता थेट नाणेघाटाच्या माथ्याशी नेतो. (खालच्या वैशाखऱ्याहून घाम गाळीत चढून आलेली तरुण मंडळी आमच्या मोटारीकडे जरा कीव केल्यासारखी पाहत होती. पाहोत बापडी.)

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल घेऊन तांडे याच वाटेने जुन्नरला जात आणि जकातीची नाणी या रांजणात पडत, असे सांगतात. पुरावा मागाल तर ती केवळ परंपरा. खरा पुरावा चार पावले खाली उतरल्यावर लेण्यात भेटतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला हा प्रचंड लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचा त्यात हिशेब आहे. अगदी २४,४०० पर्यंतचे आकडे! भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी या आकड्यांवर परिश्रम घेतले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर काय वाटते ते सांगत बसत नाही. आपल्या भाषेच्या पणजीचे हस्ताक्षर आहे ते.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे अजून तेथे कोरलेली आहेत. पुतळे मात्र गेले, पायांचे अवशेष तेवढे राहिले. लेखाचीही पुष्कळ अक्षरे झिजली, फुटली आहेत. एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, हौशी मंडळी अशा ठिकाणी स्वतःची नावे कोरून जातात. राणीने यज्ञ केले, दाने दिली, मग नाव कोरले. यांनी काय केले?

येथून जवळच, चावंडच्या अंगाला, पूर गावी कुकडेश्वराचे जुने कोरीव शिवालय आहे. कुकडी नदीचा उगम तेथला मानतात. आम्ही पुढे निघालो ते या नदीच्या मागावर. माणिकडोह, येडगाव ही धरणे तिला अडवतात. नारायणगावापर्यंत द्राक्षे आणि भाजीपाल्याचे मळे डोळे निववतात. आळेफाट्यापुढे आडरस्त्याला लागलो तसे हिरवे मागे पडले. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर उरलेला हा पारनेरचा मुलूख. उघडे माळ, बाभळी आणि डोळ्यांवर येणारे ऊन.

अशा मुलखात, निघोजच्या मळगंगा देवीपाशी, जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते. काळ्या बेसाल्टात नदीने घळ कापली आहे. अलीकडे पारनेर, पलीकडे शिरूर तालुका. आणि त्या खडकात शेकडो रांजण! कुठे घागरीएवढे, कुठे माणूस उभा मावेल असे, तर कुठे दोघा शेजाऱ्यांमधली भिंत झिजून एक झालेले. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खळग्यात गरगर फिरतात, खडकाला घासतात, स्वतःही झिजतात. मग पुढच्या पुरात नवे गोटे येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. त्याला पाण्याने असे कुंभारासारखे वळण दिले. लोक यांना रांजणखळगे म्हणतात. याहून चांगला शब्द कोणत्या पंडिताला सुचला असता?

खळग्यांच्या तळाशी हिरवे पाणी साचलेले होते. उन्हाळ्यात या नदीला पाणी दिसते ते बहुधा वरून सोडलेल्या आवर्तनाचे. धरणांविरुद्ध माझी तक्रार नाही. या कोरड्या तालुक्यांतली शेती त्या पाण्यावर उभी आहे. पण भोवरे, गोटे हे काम आता पावसाळी पुरांच्या मर्जीवर आहे, एवढे खरे. सौभाग्यवती घळीच्या कडेला बराच वेळ बसून होत्या. "दगड बरे आहेत हो," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या घरी हे मोठे प्रशस्तिपत्रक समजतात.

कुणाला जायचे असेल तर माघ-फाल्गुन बरा. चैत्रात ऊन पोळते, पावसाळ्यात घळीजवळ फिरकूच नये. शेवाळलेला खडक फार निसरडा असतो, मुलांचा हात सोडू नका. पिण्याचे पाणी घरून भरपूर घ्या. हातात एक दिवस जास्त असेल तर कल्याण-अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) रस्त्यावर टाकळी ढोकेश्वरला थांबा. तेथील शैव लेण्यातल्या मातृकांपुढे सावली आहे, गारवाही आहे.