काचेच्या कपाटात आवाज कसा ठेवणार?

तुमच्या मार्कशीटवर ज्यांचं नाव छापलंय, त्यांचा आवाज कधी ऐकलाय? अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी प्राण सोडला. परतवाड्याहून कॉलेजला येणारे तुमच्यातले कितीतरी जण रोज वलगाववरूनच जातात.

आता समजा, बाबांचं म्युझियम करायचंय. कपाटात ठेवणार काय? खराटा, गाडगं, चिंध्यांचं पांघरूण. बस्स! या माणसानं जवळ काही ठेवलंच नाही. त्यांची खरी कला कीर्तनात. समोरच्यांना प्रश्न टाकायचा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं, तेही ठेठ वऱ्हाडीत. ते काचेमागं मावेल काहून?

१८६३ साली नागपुरात अजब बंगला उभा राहिला तेव्हा सरळ हिशेब होता: वस्तू मांडायच्या, लोकांनी येऊन पाहायच्या. आता संग्रहालयंच उठून लोकांकडे निघालीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून ती शाळांच्या, गावांच्या दारात नेली. संग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं २०२२ मध्ये प्रागला नवी व्याख्या केली, तिच्यात लोकांचा सहभाग आला. म्हणजे जपायचं काय, हे ठरवण्यात आपणही आलो.

बाबांच्या बाबतीत नशीब थोर. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत, बांद्र्याच्या पोलिसांसमोर झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. ते आज मोबाईलवर ऐकता येतं. हेडफोन लावून ऐकाच. लोक एका आवाजात उत्तर देतात, तिथं अंगावर काटा येतो.

पण बाबांना समोर बसून ऐकणारे? तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या गल्लीत असे आजोबा, आजी असतील तर या रविवारीच जा. आधी परवानगी घ्या, पंखा बंद करा (रेकॉर्डिंगमध्ये तोच जास्त बोलतो), फोन जवळ ठेवा आणि गप्प बसा. त्यांची वऱ्हाडी 'शुद्ध' करायला जाऊ नका. फाइलला नाव, गाव, तारीख द्या. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या, नाहीतर फोन बदलला की गेलं सगळं. आणि दुसरी प्रत त्या आजींच्या नातवाला पाठवा.