संकलक, स्मृती आणि गोदामाची पावती

प्रस्तावना

मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत संगणकाच्या कंपायलरचे काय प्रयोजन, असा प्रश्न तुम्हांला पडला तर तो रास्तच आहे. तांत्रिक विषय मराठीत मांडताना परिभाषा कोठून घ्यावी आणि दृष्टान्त कोठून आणावा, याचा विचार या घटकात एका उदाहरणाच्या आधारे करायचा आहे. त्यासाठी मुद्दाम कठीण विषय निवडला आहे: मुक्त-स्रोत संकलक, त्याची वर्षानुवर्षांची देखभाल आणि स्मृतीचे व्यवस्थापन. या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखादी वस्तू यापुढे लागणार नाही, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचे?

‘संकलक’ या संज्ञेविषयी

मनुष्याला वाचता येईल अशा आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. मराठीत तिला ‘संकलक’ म्हणतात. ही संज्ञा प्रथम ऐकताना चुकीची वाटते, कारण हे काम भाषांतराचे आहे आणि संकलन तर कवितांचे किंवा लेखांचे करतात. परंतु १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी ‘ए-०’ ही प्रणाली तयार केली, तेव्हा ती खरोखरच संकलन करीत असे. चुंबकीय फितीवर साठवलेल्या छोट्या छोट्या आज्ञावली क्रमांकानुसार शोधून ती एकत्र जोडत असे. पुढे काम बदलले, नाव राहिले. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते ‘भाषांतरक’ हा शब्द आज अधिक अचूक ठरला असता, तरी ‘संकलक’ बदलण्याचे कारण नाही.

साहित्याच्या अनुवादकाला नसलेले एक स्वातंत्र्य संकलकाला असते. अंतिम परिणाम तोच राहणार असेल, तर मजकूर तो वाटेल तसा फिरवू शकतो. एखादे मूल्य काढले, पण पुढे कोठेही वापरले नाही, तर ती ओळ तो खुशाल गाळतो. हे ‘पुढे वापरले नाही’ कसे कळते, ते आता पाहू.

थप्पी आणि ढीग

सोयाबीनच्या हंगामात धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंब किंवा उमरगा येथील बाजार आवारात तुम्ही गेला असाल. पोत्यांची थप्पी लावलेली असते आणि शेवटी ठेवलेले पोते प्रथम निघते. संगणकाच्या स्मृतीतही अशी एक थप्पी असते. तिचा हिशेब सोपा आहे, कारण उपकार्य संपले की त्याची वरची पोती आपोआप उतरतात.

पण सर्वच माल असा शिस्तीत येत नाही. काही पोती केव्हा येतील आणि किती दिवस राहतील, हे आधी सांगता येत नाही. त्यांच्यासाठी गोदामाचा वेगळा भाग असतो. संगणकशास्त्रात त्याला ढीग म्हणतात. येथे पोते ठेवले की पावती मिळते आणि पोत्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग केवळ त्या पावतीतून जातो. काही पोत्यांच्या आतच दुसऱ्या पोत्यांच्या पावत्या असतात, अशीही कल्पना करा.

‘सी’ या भाषेत जागा मागणे आणि परत करणे, दोन्ही आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती आहे. त्यातून दोन प्रकारचे घोटाळे होतात. पावती हरवली पण पोते तसेच राहिले, तर जागा अडते. आज्ञावली महिनोन्‌महिने चालणारी असेल, तर गोदाम भरून एके दिवशी काम थांबते. दुसरा घोटाळा अधिक घातक आहे. पोते उचलून जागा दुसऱ्याला दिली, पण जुनी पावती कोणाच्या तरी खिशात राहिली. तो येतो आणि दुसऱ्याचेच धान्य घेऊन जातो. संगणकीय हल्ल्यांत याचाच फायदा घेतला जातो. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-दोष अशा स्मृतीविषयक चुकांतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते.

पोहोच आणि गरज

माणसावर विसंबण्याऐवजी हे काम यंत्राकडे द्यावे, हा विचार जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ भाषेसाठी मांडला आणि १९६० साली प्रसिद्ध केला. गोदामाचे दार क्षणभर बंद करावे. लोकांच्या हातांतील सर्व पावत्या घ्याव्यात आणि त्या त्या पोत्यावर खडूची खूण करावी. पोत्याच्या आत पावती सापडली, तर पुढच्या पोत्यावरही खूण करावी. शेवटी ज्यांवर खूण नाही ती पोती बाहेर काढावीत. हेच कचरा-संकलन. (‘संकलन’ येथे पुन्हा आले, पण या दोन संकलनांचा परस्परांशी काही संबंध नाही.) प्रत्येक पोत्यावर त्याच्या पावत्यांची संख्या लिहून ठेवण्याची दुसरी रीतही त्याच काळातली आहे. मात्र दोन पोत्यांत एकमेकांच्याच पावत्या असतील, तर संख्या शून्यावर येत नाही आणि दोन्ही पोती कायमची बसून राहतात.

खडूच्या रीतीतही एक उणीव आहे, आणि तिचा शोध घेणारे काम महाराष्ट्रातच झाले. पावती हातात आहे, म्हणून पोत्याला खूण झाली. पण पावतीचा मालक ते पोते न्यायला पुन्हा कधीच येणार नसेल तर? पोहोच आहे, गरज नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याच दरीचा विचार आहे.

त्यांची रीत आज्ञावली उलट वाचण्याची आहे. शेवटच्या ओळीपासून मागे यायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘येथून पुढे कोणती पावती वापरली जाईल’ हे टिपत जायचे. अडचण अशी की पावतीतून पावती, तिच्यातून आणखी पावती, ही साखळी किती लांब असेल याला मर्यादा नसते. आवर्तनात तर तिची लांबी आज्ञावली चालल्याशिवाय कळतच नाही. म्हणून त्यांनी अमर्याद साखळ्यांचा एक मर्यादित आलेख कल्पिला. ‘पुढचे, त्याच्या पुढचे, असे कितीही वेळा’ हे म्हणणे त्यात एका वळशाने नोंदवता येते. जी पावती निश्चितपणे लागणार नाही, ती त्या जागी फाडून टाकणारी ओळ आज्ञावलीत घालायची. पुढचे काम नेहमीचा कचरा-संकलक करतो.

येथे ‘निश्चितपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे कोणती वाट घेतली जाईल हे बाहेरून येणाऱ्या माहितीवर अवलंबून असते आणि ते आधी पूर्णपणे कळणे अशक्य असते. म्हणून शंका असेल तेथे पोते ठेवायचे. अनावश्यक पोते राहिले तर थोडी जागा जाते, लागणारे पोते गेले तर आज्ञावलीच खोटी ठरते. इतकेच नव्हे, तर पावती फाडण्यासाठी तिच्यापर्यंत जाणे धोक्याचे नाही ना, हेही वेगळे तपासावे लागते.

देखभाल

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली ‘जीसीसी’ हा संकलक मुक्त परवान्यासह प्रसिद्ध केला. कोणीही तो वाचावा, बदलावा, बदललेला वाटावा, ही त्याची अट. परंतु मुक्त असणे म्हणजे सुरळीत चालणे नव्हे. सुधारणा स्वीकारल्या जाण्यास फार विलंब होतो, म्हणून १९९७ मध्ये काही विकासकांनी ‘ईजीसीएस’ नावाची वेगळी शाखा काढली. ती इतकी सरस ठरली की १९९९ मध्ये मूळ प्रकल्पाने तिलाच अधिकृत मानले. वेगळे होण्याचा हक्क नसता, तर हा संकलक कदाचित तेथेच खुंटला असता.

संकलक हीसुद्धा एक आज्ञावलीच असल्याने तिलाही गोदाम लागते. जुना जीसीसी आपल्या आतील नोंदी थप्पीच्या पद्धतीने ठेवी, आणि खालचे पोते काढले की वरची सर्व पोती जात. कोणती नोंद केव्हापर्यंत लागेल याचे भान प्रत्येक विकासकाला ठेवावे लागे. २००१ मधील ३.० या आवृत्तीपासून बहुतेक नोंदींसाठी खूण करून वेचण्याची रीत आली. पण भार पूर्ण उतरला नाही. कोणत्या नोंदीत पावत्या कोठे आहेत, हे विकासकाने मूळ मजकुरात लिहून ठेवावे लागते. ते राहून गेले, तर चालू नोंदच कचरा समजून फेकली जाते आणि दोष भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. असा दोष शोधणाऱ्याला स्वतः न लिहिलेला, काही दशलक्ष ओळींचा मजकूर वाचावा लागतो. म्हणूनच मुंबईच्या त्याच संस्थेत जीसीसीसाठी केंद्र उभारून, हा मजकूर वाचावा कसा, याच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या. खेडकर, सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या २००९ मधील ग्रंथातही विश्लेषणाची पद्धत जीसीसीतच चालवून दाखवली आहे.

आपल्या दृष्टीने एक छोटी नोंद करण्याजोगी आहे. २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून जीसीसीमध्ये चलांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. ‘पावती’ हे नाव आता केवळ दृष्टान्तापुरते ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

स्वाध्याय

तुमच्या तालुक्याच्या बाजार आवारातील किंवा वखारीतील नोंदवही कशी ठेवली जाते, ते प्रत्यक्ष पाहा. मालक न आलेल्या पोत्याचा निर्णय कोण घेतो आणि किती दिवसांनी, ते तेथील कारकुनाला विचारा. ती पद्धत या घटकातील कोणत्या रीतीशी जुळते आणि कोठे फारकत घेते, हे सुमारे दोनशे शब्दांत लिहा. लिहिताना कारकुनाने वापरलेले शब्द जसेच्या तसे ठेवा.